अंगावर काढलेले दुखणे आणि योगाचा आधार

नाशिक हे तीर्थाचे गाव. इथे माणसे येतात ती गोदावरीत बुडी मारायला, काळारामाचे दर्शन घ्यायला, नाहीतर पुढे त्र्यंबकेश्वरी जायला. पण गेल्या काही दशकांत आणखी एका कारणाने इथे पाहुणे येऊ लागले आहेत, आणि त्यांत सातासमुद्रांपलीकडचेही पुष्कळ असतात. ते येतात योग शिकायला. १९७८ साली विश्वास मंडलिक यांनी नाशकात योग विद्या धाम सुरू केले. पुढे त्र्यंबकेश्वरच्या रस्त्यावर गुरुकुल उभे राहिले, ठिकठिकाणी केंद्रे निघाली, आणि २०१८ साली योगप्रसाराच्या कार्याबद्दल मंडलिकांना पंतप्रधान पुरस्कार मिळाला. अशा गावात राहिल्यावर पहाटे चटई बगलेत मारून निघालेल्या काकू-मावश्यांचे कुणाला नवल वाटत नाही.

मीही बायकांचा एक लहानसा सकाळचा वर्ग घेते. माझ्याकडे येणाऱ्या बायका गुडघे, कंबर, रक्तदाब, वाढते वजन यांविषयी चारचौघींत मोकळेपणाने बोलतात. एक दुखणे मात्र असे आहे, की ते वर्ग सुटल्यावर, चटया गुंडाळताना, आवाज खाली आणून सांगितले जाते.

"बाई, पाळीत माझं फार दुखतं हो. यावर एखादं आसन आहे का?"

"आसनं आहेत," मी म्हणते, "पण आधी सांगा, फार म्हणजे किती?"

मग जी उत्तरे मिळतात ती ऐकून काळजात चर्र होते. कॉलेजात शिकणारी एक मुलगी म्हणाली, की महिन्यातले तीन दिवस ती पोटाशी उशी धरून पडून असते; परीक्षेचे वेळापत्रक लागले की अभ्यासाआधी ती तारखा मोजते. बँकेत नोकरी करणाऱ्या एका बाईंची किरकोळ रजा जवळजवळ सगळी याच कामी खर्ची पडते, आणि साहेबांना खरे कारण कसे सांगायचे म्हणून अर्जात दर वेळी 'पित्त' लिहावे लागते! तिसरीला त्या दिवसांत शौचाला जाताना ब्रह्मांड आठवते. आणि तिघींचेही शेवटचे वाक्य एकच: "पण पाळीत थोडंफार दुखायचंच ना?"

या 'थोडंफार'मध्येच सारी गोम आहे. पहिल्या-दुसऱ्या दिवशी ओटीपोटात कळ यावी, कंबर भरून यावी आणि शेकाने किंवा एखाद्या गोळीने बरे वाटावे, इतके पुष्कळजणींच्या वाट्याला येते. पण जे दुखणे अंथरुणाला खिळवते, गोळीला दाद देत नाही, वर्षागणिक वाढत जाते आणि पाळी सरली तरी मागे रेंगाळते, ते थोडेफार नव्हे. त्यामागे एखादा रोग असू शकतो. अशा रोगांपैकी एकाचे नाव एन्डोमेट्रिऑसिस.

नाव अवघड, रोग तितकाच अवघड

गर्भाशयाला आतून एक मऊ अस्तर असते. दर महिन्याला ते वाढते, आणि गर्भ राहिला नाही की सुटून पाळीवाटे बाहेर पडते. या रोगात त्या अस्तरासारख्याच पेशी गर्भाशयाच्या बाहेर रुजतात: बीजांडकोशांवर, ओटीपोटाच्या आतल्या आवरणावर, कधी आतड्यावर किंवा मूत्राशयावरही. महिन्याच्या चक्राचा परिणाम त्यांच्यावरही होतो. त्या सुजतात, त्यांतून रक्त सुटते. पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. मग भोवती दाह होतो, व्रण धरतात, आणि शेजारशेजारचे अवयव एकमेकांना चिकटू लागतात. बीजांडकोशात जुने रक्त साचून गाठ झाली, तर आतला द्रव दाट तपकिरी दिसतो. डॉक्टर त्या गाठीला 'चॉकलेट सिस्ट' म्हणतात. नाव गोड असले तरी जिला ती होते तिला विचारावे!

हा रोग काही आजकालच्या राहणीने निपजलेला नाही. व्हिएन्नाच्या कार्ल फॉन रोकिटान्स्की या वैद्यकतज्ज्ञांनी १८६० साली त्याचे वर्णन केले होते. पुढे १९२७ साली अमेरिकेतील डॉ. जॉन सॅम्पसन यांनी अशी उपपत्ती मांडली, की पाळीचे थोडे रक्त बीजवाहक नलिकांतून उलटे पोटात जाते आणि त्यातल्या पेशी तिथे रुजतात. असे रक्त बहुतेक स्त्रियांच्या पोटात जाते, तरी रोग काहींनाच होतो, हे आता ठाऊक झाले आहे. म्हणजे आनुवंशिकता, शरीराची प्रतिकारशक्ती अशा इतर गोष्टींचाही त्यात हात असला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे प्रजननक्षम वयाच्या दर दहा स्त्रियांमागे सुमारे एकीला हा रोग असतो. साऱ्या जगात मिळून सुमारे १९ कोटी. चाळीस मुलींचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. त्यांतल्या चारजणींचा हा प्रश्न असू शकतो.

मग तो लवकर ओळखू का येत नाही? एक कारण वैद्यकीय आहे. सोनोग्राफीत चॉकलेट सिस्ट दिसते, परंतु आवरणावरचे बारीक ठिपके बहुधा दिसत नाहीत. 'रिपोर्ट नॉर्मल' आला म्हणजे रोग नाहीच, असे म्हणता येत नाही. पूर्वी दुर्बिणीतून पोटात पाहिल्याशिवाय निदान पक्के मानीत नसत. युरोपातील तज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ साली दिलेल्या मार्गदर्शनात मात्र लक्षणे आणि तपासण्या यांवरूनही उपचार सुरू करता येतील असे म्हटले आहे. दुसरे कारण आपल्या घरातले आहे. आई म्हणते, "मलाही असंच व्हायचं." आजी म्हणते, "आमच्या वेळी कोण डॉक्टरकडे जात होतं?" जुन्या वाड्यात 'कावळा शिवला' की मुलगी चार दिवस बाजूला बसे. तिने कशाकशाला शिवायचे नाही याची यादी सगळ्यांना पाठ असे. पण 'तुला दुखतंय का गं?' हा प्रश्न त्या यादीत नसे. वाडे गेले, फ्लॅट आले, बाजूला बसणेही पुष्कळ घरांतून गेले. तो प्रश्न विचारायचे मात्र अजून राहिलेच आहे.

लग्न, मूल आणि 'पिशवी'

दुखण्याची वाच्यता झालीच, तर तीन घरगुती तोडगे ठरलेले असतात. पहिला: "लग्न झालं की थांबेल." लग्नाने हा रोग थांबत नाही. उलट या रोगात पतिपत्नीच्या संबंधाच्या वेळीही वेदना होऊ शकतात, आणि ती गोष्ट तर नव्या नवरीला कुणापाशीच बोलता येत नाही.

दुसरा तोडगा: "एक मूल होऊ दे." गरोदरपणात पाळी बंद असते, त्यामुळे काहींना तेवढ्या काळापुरता आराम पडतो, पण तो इलाज नव्हे. शिवाय या रोगामुळेच काही स्त्रियांना दिवस राहण्यात अडचण येते. तिला 'मूल झाल्यावर बरी होशील' म्हणणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे आहे. इथेच दुसरी बाजूही सांगितली पाहिजे: हा रोग असूनही अनेकींना मुले होतात, तेव्हा नाव ऐकताच धीर सोडण्याचे कारण नाही.

तिसरा तोडगा: "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल." रोग मुळात पिशवीच्या बाहेर पसरलेला असतो, हे वर आलेच आहे. गर्भाशय काढले तरी बाहेरचा रोग मागे राहिला तर दुखणेही राहू शकते. काही स्त्रियांच्या बाबतीत डॉक्टर पूर्ण विचारान्ती ही शस्त्रक्रिया सुचवतात, तो भाग वेगळा. पण शेजारणीच्या सल्ल्याने घेण्याचा तो निर्णय नव्हे.

या रोगाला मुळापासून नाहीसा करील असे औषध आज नाही. तरीही उपचार आहेत आणि ते उपयोगी पडतात. वेदनाशामक गोळ्या आहेत, पाळीचे चक्र आवरणारी संप्रेरकांची औषधे आहेत, आणि जरूर पडल्यास दुर्बिणीतून करायची शस्त्रक्रिया आहे. शस्त्रक्रियेनंतरही काहींना त्रास पुन्हा उद्भवतो. म्हणजे हा सोबतीने राहणारा रोग आहे. योगाचे स्थान आहे ते या सोबतीत.

योगाकडून काय मागावे?

योगाने सगळे बरे होते असे सांगणारी माणसे आजकाल हातातल्या फोनवर रोज भेटतात. 'अमुक आसनाने गाठ विरघळते' असे छातीठोकपणे सांगितलेले मी ऐकले आहे. आसनाने गाठ विरघळत नाही आणि चिकटलेले अवयव सुटत नाहीत. योग शिकवणाऱ्यांनीच हे आधी सांगितले पाहिजे.

महाराष्ट्रात योगाचा जो नवा उदय झाला, तो तपासून पाहण्याच्या वृत्तीतूनच झाला. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढले ते हाताशी यंत्रे घेऊन. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, हे त्यांनी मोजून दाखवले. मुंबईत श्रीयोगेंद्रांनी १९१८ साली योग इन्स्टिट्यूट स्थापन केली; त्यांच्या पत्नी सीतादेवी यांनी १९३४ साली खास स्त्रियांसाठी योगाचे पुस्तक लिहिले. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी दोरखंड, विटा, लोड, खुर्च्या यांचा आधार देऊन आजारी माणसालाही आसन कसे साधेल ते दाखवले. आणि त्यांच्या कन्या गीता अय्यंगार यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात स्त्रीच्या पाळीचा, गरोदरपणाचा स्वतंत्र विचार केला. पाळीच्या दिवसांत पोटावर ताण न आणता देहाला विसावा कसा द्यावा, ही विद्या आपल्याला या मंडळींकडून मिळालेली आहे.

आणि एन्डोमेट्रिऑसिसबद्दल? ब्राझील देशात कांपिनास येथील विद्यापीठात डॉक्टरांनी ४० रुग्ण स्त्रियांचा अभ्यास केला. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी २८ जणींनी आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा, दीड-दीड तास हठयोगाचा अभ्यास केला. बाकीच्या १२ जणींनी केला नाही. योग करणाऱ्यांची रोजची वेदना दुसऱ्या गटापेक्षा कमी झाली. आपण असहाय आहोत ही भावना उणावली. मात्र पाळीच्या स्रावात दोन्ही गटांत फरक दिसला नाही. त्याच गटाच्या आधीच्या एका अभ्यासात स्त्रियांनी सांगितले होते, की श्वासाकडे लक्ष दिल्याने कळ सोसण्याची किल्ली हाती आली, आणि वर्गात आपल्यासारख्याच दुसऱ्या बायका भेटल्याने एकटेपणा गेला.

४० ही संख्या लहान आहे. म्हणूनच युरोपच्या २०२२ च्या मार्गदर्शनात, औषधाखेरीजच्या उपायांबद्दल रुग्णाशी जरूर बोलावे, परंतु अमुकच उपाय करा अशी शिफारस करण्याइतका पुरावा अद्याप नाही, असे म्हटले आहे. माझ्या मते हा निवाडा रास्त आहे. योगाकडून रोगमुक्ती मागू नये. वेदनेशी दोन हात करण्याचे बळ मागावे. तेवढे तो पुष्कळजणींना देतो.

ते कसे, हेही समजण्यासारखे आहे. कळ आली की आपण श्वास रोखतो, दात आवळतो, पोट आणि मांड्या घट्ट करतो. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते, तीही आवळली जाते. आवळलेले स्नायू स्वतःच दुखू लागतात आणि मूळ दुखण्यात भर घालतात. वर्षानुवर्षे असे चालले की मज्जासंस्था जणू सतत पहाऱ्यावर राहते आणि थोड्याशा खुपण्यालाही मोठी कळ समजते. सावकाश, लांब सोडलेला श्वास आणि आधार देऊन सैल केलेले शरीर यांमुळे हा पहारा थोडा ढिला होतो.

लोड, उशा आणि एक गोधडी

यासाठी महागड्या सामानाची गरज नाही. दिवाणखान्यातला लोड, दोन उशा, एक जाड गोधडी आणि एक खुर्ची एवढे घरात असतेच. डॉक्टरांनी व्यायामाला हरकत नाही असे सांगितले असेल, तर पुढील क्रम पंचवीस मिनिटांत होतो.

प्रथम उताणे पडून गुडघे उभे ठेवावेत, एक हात पोटावर ठेवावा आणि पाच मिनिटे नुसता श्वास पाहावा. घेण्यापेक्षा सोडणे लांब असावे. पण मोजून ओढूनताणून नको. मग ओणवे होऊन, हात-गुडघे टेकून मार्जारासन: श्वासाबरोबर पाठ हळूहळू वर-खाली, सहा-आठ वेळा. नंतर गुडघे रुंद ठेवून, समोरच्या लोडावर पोट, छाती आणि गाल टेकवून पुढे विसावावे. पुष्कळजणींना कळेच्या दिवशी याच आसनात झोप लागते, आणि ती लागू द्यावी. पुढचे सुप्त बद्धकोणासन: पाठीखाली लोड, डोक्याखाली उशी, तळवे एकमेकांना जोडलेले, आणि दोन्ही मांड्यांखाली गोधडीची घडी किंवा उशी. मांडीखाली आधार हवाच, नाहीतर सैल होण्याऐवजी ताण पडतो. त्यानंतर जमिनीवर पडून पोटऱ्या खुर्चीवर टेकवाव्यात. कंबर भरून आली असेल तर याने फार हलके वाटते. शेवटी हळू आवाजात पाच-सात वेळा भ्रामरी आणि शवासन. कंबरेखाली किंवा पोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवली तर योगशास्त्र काही रागावत नाही!

पाळी नसलेल्या दिवसांत यात उभ्याने करायची सोपी आसने, चालणे आणि झेपतील तेवढे सूर्यनमस्कार घालावेत. दुखते त्या दिवशीच चटई अंथरायची, असे करू नये. विहिरीत पडल्यावर पोहणे शिकता येत नाही.

आता काय करू नये तेही सांगते. पाळीत आणि कळेच्या दिवसांत कपालभाती, भस्त्रिका, उड्डियान, नौली या क्रिया करू नयेत. पोटातला दाब किती बदलतो हे कुवलयानंदांनी मोजलेलेच आहे. दुखऱ्या ओटीपोटावर तो प्रयोग कशाला? शीर्षासन, सर्वांगासन त्या दिवसांत परंपरेने वर्ज्य मानतात आणि मीही घेत नाही, कारण तेव्हा हेतू विसाव्याचा असतो. ज्या आसनात ओटीपोटात टोचते ते तिथेच सोडावे; 'थोडं सोसा, सवय होईल' असे शिकवणाऱ्याने म्हटले तर त्याचे ऐकू नये. शस्त्रक्रिया झाली असेल तर सर्जनने सांगितल्याशिवाय सुरुवात करू नये. चालू असलेले औषध योगासाठी थांबवू नये. आणि एकाएकी असह्य कळ, ताप, चक्कर, भान हरपणे असे काही झाले, तर चटई गुंडाळून थेट रुग्णालय गाठावे.

घरातल्या इतर मंडळींसाठी

पंचवीस मिनिटे म्हटले की बायका हसतात. "बाई, पंचवीस मिनिटं दार लावून पडले तर घरचे म्हणतील हिला झालंय काय?" हा प्रश्न आसनापेक्षा अवघड आहे, आणि त्याचे उत्तर तिच्याकडे नसून घरच्यांकडे आहे. वर्गातल्या त्या बँकेतल्या बाईंच्या यजमानांनी ते आपल्या परीने दिले. त्या दिवसांत सकाळचा चहा आणि मुलांचे डबे ते करू लागले. पोळ्या अजून नकाशासारखेच आकार घेतात म्हणे, पण मुलांची तक्रार नाही. बाई स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन आल्या, निदान झाले, औषध सुरू झाले, आणि सोबत वरचा अभ्यासही चालू आहे. दुखणे गेलेले नाही. पण गेल्या सहा महिन्यांत त्यांनी 'पित्ता'ची रजा एकदाच घेतली, आणि त्या अर्जात खरे कारण लिहिले.

दिवाळी तोंडावर आहे. घरोघर चकल्यांचा घाणा पडेल, अनारशांची घाई उडेल, आणि कुणीतरी एक हात कढईशी आणि दुसरा कंबरेवर ठेवून उभी असेल. तिला 'बस जरा' एवढेच म्हणून भागणार नाही. झारा तिच्या हातून घ्यावा लागेल. पाडव्याला व्यापारी मंडळी नव्या वह्यांची पूजा करतात. यंदा घरातल्या वयात आलेल्या मुलीला, सुनेला, बहिणीला एक साधी वही आणून द्या. पाळी कधी आली, किती दिवस दुखले, शून्य ते दहांत किती दुखले, कोणती गोळी घेतली, शाळा किंवा कचेरी बुडली का, शौचाला किंवा लघवीला त्रास झाला का, कोणत्या आसनाने बरे वाटले, हे तिने तीन महिने तारीखवार लिहावे. ती वही घेऊन डॉक्टरांकडे जावे, आणि घरातल्या कुणीतरी तिच्याबरोबर जावे. 'थोडंफार दुखतं' असे सांगणाऱ्या मुलीपेक्षा, तीन महिन्यांत अकरा दिवस कॉलेज बुडाले असे लिहून आणणारीचे म्हणणे डॉक्टरांनाही लवकर कळते.